सुपारीवरची तार

दोरी कपडे वाळत घालायला असते, रोज संध्याकाळी सोडून गुंडाळून ठेवायला नसते, असं माझी बायको सिसिल अठ्ठेचाळीस वर्षं सांगत आली. आणि अठ्ठेचाळीस वर्षं मी रोज संध्याकाळी दोरी सोडत आलो. आधी लष्कराच्या क्वार्टरमध्ये, मग दुबईच्या खोलीत, मग गावच्या अंगणात, आणि शेवटी इथं शारजात मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. कपडे आत घ्यायचं काम तिचं, दोरी आत घ्यायचं माझं. सकाळी परत बांधायचीही मीच. "ओ मिलिटरी, आता खिळे पण उपटून आणा," असं ती आतून ओरडायची.

नऊ महिने झाले, सिसिल गेली.

आमच्या गावच्या फादरांनी फोन केला की पावलूकाका, नाताळच्या अंकासाठी लिहा, तुम्ही लढाईतला माणूस आहात. मी म्हटलं, फादर, मी नववी नापास. ते म्हणाले, शुद्धलेखन आम्ही बघू. तेव्हा शुद्धलेखन त्यांनी बघावं. बाकी जे लिहितो ते माझं आहे. बंदुकीच्या गोष्टी हव्या असतील त्यांनी पान उलटावं. मी एकाहत्तरच्या लढाईत एक गोळी झाडली नाही. मी बसून टिकटिक केली.

अठराव्या वर्षी भरती झालो. घरी केळी-सुपारीची वाडी होती, पण भाऊ चार आणि वाडी एक. भरतीच्या साहेबानं माझी छाती मोजली, दात बघितले आणि विचारलं, "कान कैसे हैं?" मी म्हटलं, चर्चची घंटा तीन मैलांवरून ऐकतो. तेवढ्यावर सिग्नलमध्ये घेतलं.

सिग्नल म्हणजे वायरलेस. एक पेटी, एक कानाला लावायचा हेडफोन, एक बोटानं दाबायची की. छोटा आवाज डिट, लांब आवाज डा. त्यांची जोडणी करून अक्षरं होतात. आम्हाला शिकवायला एक हवालदार होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. चुकलं की पट्टी बोटांवर. पहिल्या महिन्यात मी रात्रंदिवस डिट-डा ऐकत होतो, जेवताना चमच्यानं ताट वाजवत होतो. शिकलेली पोरं माझ्या मागं पडली. उस्ताद म्हणाले, त्याचं कारण आहे. मजकूर गुप्त लिपीत असायचा, पाच-पाच अक्षरांचे गठ्ठे, अर्थ काही नाही. शिकलेला माणूस पुढचं अक्षर मनानंच लिहितो. मला मनानं काही सुचतच नव्हतं, म्हणून मी जे ऐकलं तेच लिहिलं. आयुष्यात अडाणीपणाचा फायदा मला तेवढा एकदाच झाला.

बाहेरच्या लोकांना वाटतं वायरलेसवाला म्हणजे बोलणारा. तसं नाही. तो ऐकणारा. दिवसातले बारा तास ऐकायचं आणि दोन मिनिटं पाठवायचं. आणि ऐकायचं काय, तर आपल्याला न कळणारा समोरच्याचा मजकूर. त्यातून काय कळणार, असं सिसिलनंही विचारलं होतं. तिला सांगितलं ते इथं सांगतो. प्रत्येकाचा की दाबायचा हात वेगळा असतो. चालण्यासारखा. अंधारात जिन्यावरून कोण येतंय ते पायाच्या आवाजावरून घरच्या माणसाला कळतं ना, तसा हात ओळखू येतो. समोरच्या फौजेत एक ऑपरेटर होता, त्याची दर तिसरी डा जरा लंगडायची. मी त्याचं नाव लंगडा ठेवलं. तो बोलतो काय ते मला कधी कळलं नाही. पण एक दिवस लंगड्याचा आवाज क्षीण झाला, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या दिशेनं ठणठणीत आला. म्हणजे लंगडा हलला. म्हणजे त्याची अख्खी पलटण हलली. मी एवढंच कळवलं, आणि वरचे साहेब नकाशावर दोन तास वाकून बसले म्हणे. लंगड्याला मी कधी बघितलं नाही. माझ्याच वयाचा असेल. जिवंत असला तर त्याचंही बोट आता थरथरत असेल.

आता मुख्य गोष्ट.

लढाई उघड सुरू व्हायच्या आधी काही दिवस आम्हा दोघांना सीमेपलीकडे पाठवलं. आजचा बांगलादेश. जिल्ह्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, सवय आहे. आमच्या तुकडीचे हवालदारसाहेब, उस्ताद नव्हेत, दुसरे, आणि मी. अंगावर लुंगी, पाठीवर भाताच्या पोत्यात वायरलेस. काम एवढंच की नदीकाठी राहायचं, फेरीबोटीवरून शत्रूच्या किती गाड्या, कुठल्या दिशेनं जातात ते मोजायचं आणि कळवायचं.

काठावर दहा-बारा घरांची वस्ती होती. तिथल्या काशेमभाई नावाच्या माणसानं आम्हाला जागा दिली. तिशीचा, बारीक, होडी चालवणारा. बायको रहिमा, तिला मी बुबु म्हणायचो, तिकडं मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. ती माझ्याहून फार तर वर्षभरानं मोठी असेल. कडेवर सहा महिन्यांचं बाळ, रफिक. घराभोवती केळी आणि सुपारीची झाडं. पहिल्या सकाळी डोळे उघडले तेव्हा मला क्षणभर वाटलं आपण आपल्याच वाडीत आहोत, आता आई ओरडणार. बुबुनं पान्ता भात दिला, रात्री पाण्यात ठेवलेला शिळा भात, वर मिरची. मी म्हटलं, आमच्याकडेही शिळाच खातो. ती हसली. तिला हिंदी येत नव्हती, मला बंगाली येत नव्हती, पण शिळ्या भाताला भाषा लागत नाही.

वायरलेसला बॅटरी पुरत नसे. हातानं फिरवायचा जनरेटर होता. सायकलचं पॅडल हातानं मारल्यासारखं एकानं फिरवत राहायचं आणि दुसऱ्यानं की दाबायची. फिरवणाऱ्याचा हात एकसारखा पाहिजे, नाहीतर आवाज डोलतो. हवालदारसाहेब फिरवायचे तेव्हा माझा मजकूर दारू प्यायल्यासारखा जायचा. काशेमभाईचा हात वल्हं मारून तयार झालेला. तो फिरवायला बसला की सीमेमागच्या आमच्या ठाण्यावरून पहिल्या झटक्यात मजकूर मिळाल्याची पोच यायची. तो मला म्हणायचा, "भाई, तुमि बाजाओ, आमि चालाइ." तू वाजव, मी चालवतो. एवढंच आमचं बोलणं, आणि ते पुरत होतं.

आणि तार. तार म्हणजे एरियल, तीस-पस्तीस हात लांबीची, दोन उंच झाडांमध्ये ताणायची. ती नसली तर पेटी मुकी. सुपारीवर चढायला मला शिकवावं लागलं नाही. नियम दोन होते आणि उस्तादांनी ते पट्टीनं शिकवले होते. एका जागेवरून दोनदा पाठवायचं नाही, कारण शत्रूही ऐकत असतो, आणि यंत्रानं आवाजाची दिशा काढतो. आणि पाठवून झालं की सगळ्यात आधी तार उतरवायची. भूक, झोप, हगवण, सगळं नंतर. वर राहिलेली तार म्हणजे दारावर लावलेली पाटी, की इथं माणूस राहत होता.

आठ दिवस नियम पाळला. रोज वेगळी झाडं, वेगळं वळण. नवव्या दिवशी मला ताप होता. पायाची बोटं चिखलानं कुजली होती. काशेमभाईच्या घरामागच्या दोन सुपाऱ्यांना तार बांधली, आणि काय सांगू, त्या जागेवरून असा मजकूर गेला की जणू मागचं ठाणं शेजारच्या खोलीत आहे. सकाळचे आठ-नऊ वाजले असतील. पोचेबरोबरच हुकूम आला की लगेच निघा, खाडी ओलांडून दुसऱ्या घाटावर जा.

हवालदारसाहेब पुढं निघाले. मी वर बघितलं. दोन झाडं, अंगात ताप, आणि पिशवीत तारेचं दुसरं भेंडोळं होतंच. जागा चांगली आहे, उद्या इथूनच पाठवू, असंही मनात आलं. काशेमभाई म्हणाला, मी उतरवतो. मी त्याला म्हटलं, राहू दे. आणि तोडक्यामोडक्या बंगालीत म्हटलं, "काल आशबो." उद्या येतो. "तुम्हीच लागाल जनरेटरला," असंही हातानं फिरवून दाखवलं. तो हसला.

बांधावर हवालदारसाहेब थांबले होते. त्यांनी विचारलं, "तार उतारी?"

मी म्हटलं, "जी."

उद्या गेलोच नाही. दुसऱ्या घाटावरून तिसऱ्या घाटावर पाठवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खाडीपलीकडे आकाशात धूर दिसला. सुपारीच्या रांगेवर. हवालदारसाहेब म्हणाले, कुणाची तरी वस्ती गेली. पुढं एका कोळ्यानं सांगितलं की तो काठ जाळला, आणि काशेमला घेऊन गेले. तो परत आला नाही. बायकोचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. थोड्याच दिवसांत लढाई संपली. आम्हाला ट्रकमध्ये भरून परत आणलं. साहेबानं पाठीवर थाप मारली. हवालदारसाहेबांनी माझी शिफारस लिहिली. त्यात एक वाक्य होतं, काम नियमानं करतो.

म्हणून मी दोरी सोडतो. आता कुणाला वेडा म्हणायचं असेल तर म्हणावं.

सिसिलला हे लग्नानंतर सहाव्या वर्षी सांगितलं. त्या दिवशी तिनं दोरीवरून मोठं भांडण केलं होतं, ओले कपडे वर होते आणि मी दोरी सोडून टाकली होती, चादरी मातीत. सांगून झाल्यावर मला वाटलं रडेल, नाहीतर धीर देईल. तिनं दोन्ही केलं नाही. मातीतल्या चादरी उचलल्या आणि म्हणाली, "मग त्या बाईकडं जाऊन विचारलं का नाही?"

"काय विचारू? माझ्या तारेनं तुझा नवरा मेला का?"

"हो. हेच."

"तुला काय, तोंड उघडलं की झालं."

"तुमचं तर टिकटिक करूनच उघडतं," ती म्हणाली. सिसिल अशी होती. तिच्या तोंडाला दरवाजाच नव्हता, मग कुलूप कुठलं.

लष्कर सुटल्यावर मी दुबईला आलो, बंदरातल्या टगबोटींच्या कंपनीत. मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावतात त्या बोटी. रेडिओरूममध्ये बसून त्यांना हाक मारायची. चौदा वर्षं केलं. इथं की नव्हती, बटण दाबून बोलायचं. एक इजिप्शियन कप्तान होता, तो नेहमी आधी बोलायचा आणि मग बटण दाबायचा. त्यामुळे त्याचा पहिला शब्द कधीच यायचा नाही. एकदा रेडिओवर नुसतं "...अडकलाय, यल्ला यल्ला" म्हणजे लवकर या, एवढंच आलं. दोर अडकलाय की माणूस अडकलाय? मी दोन बोटी, डॉक्टर आणि क्रेन पाठवली. त्याच्या केबिनचा दरवाजा अडकला होता. तो मला म्हणाला, "हबीबी, यू सेंड क्रेन फॉर डोअर?" मी म्हटलं, बटण आधी दाब, मग दरवाजाला सुतार पाठवतो. कंपनीत तो किस्सा बरीच वर्षं चालला. नोकरी चांगली होती. तिथं चूक झाली तर जहाज धक्क्याला घासायचं, माणूस जळत नव्हता.

पण इथं आल्यावर एक झालं, जे गावी होत नव्हतं. इथं जिथं जाल तिथं बांगलादेशी. टॅक्सीत, बकाल्यात म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, बिल्डिंगचा नातूर म्हणजे रखवालदार, रस्ता झाडणारा. मी प्रत्येकाला विचारायचो, "भाई, कौन ज़िला?" तो काही दुसरं नाव सांगायचा आणि मला हायसं वाटायचं. वर्षातून एखादा नेमकं तेच नाव घ्यायचा. मग मी सुट्टे पैसेसुद्धा न घेता निघून जायचो. एकदा तर दूध तिथंच राहिलं. सिसिलनं हे ओळखलं. "अर्धं विचारता आणि पळता," ती म्हणायची. "खानेसुमारीवाले तरी पूर्ण विचारतात."

नोकरी संपल्यावर गावी परतलो होतो, पण म्हातारपणी मुलानं, विल्यमनं, आम्हा दोघांना शारजाला आणलं. इथं रोला भागातल्या मागच्या गल्लीत एक शिंपी आहे, हारुन. पन्नाशीचा, दोन मशिनींचं दुकान, दारावर एसीचं पाणी ठिबकतं. सिसिल ब्लाऊज त्याच्याकडे शिवायची. मी कधी आत गेलो नाही. बाहेर उभा राहायचो. एकदा ती बाहेर आली आणि चालता चालता म्हणाली, "त्याला विचारलं मी. कौन ज़िला. तुमचाच जिल्हा."

माझे पाय थांबले.

"गाव पण विचारलं," ती म्हणाली. "नदीकाठचंच आहे. सांगू?"

मी म्हटलं, "खलास. घरी चल."

त्या दिवसानंतर तिनं हा विषय काढला नाही. दोरीवरूनही बोलली नाही. संध्याकाळी मी दोरी सोडायला गेलो की ती बाल्कनीच्या दारात उभी राहून बघायची, आणि कपडे आधीच आत घेतलेले असायचे. मला वाटलं आजारपणानं नरम झाली. किडनीचा त्रास सुरू झाला होता. डायलिसिसला नेताना गाडीत ती एकदाच म्हणाली, "तुम्ही ऐकायची नोकरी केली ना जन्मभर?" मी म्हटलं, हो. "मग ऐका की कधीतरी," एवढं बोलून तिनं डोळे मिटले. मी समजलो औषधाची गुंगी.

तिला गावी नेलं, आमच्या चर्चच्या मागं ठेवलं. महिन्याभरानं विल्यमबरोबर परत आलो. दोरी चालूच होती माझी. सुनेकडे कपडे वाळवायचं मशीन आहे, दोरीवर कुणी काही घालत नाही. तरी सकाळी बांधायचो, संध्याकाळी सोडायचो. रिकामी.

गेल्या महिन्यात तिचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. त्यात शिंप्याची पावती निघाली. एक ब्लाऊज, नातीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनसाठी शिवायला टाकलेला. नातीचं कम्युनियन झालंसुद्धा. मी विल्यमला सांगितलं की तू घेऊन ये. तो म्हणाला, "डॅडी, ऑफिसमधून येताना जाम असतो, वीकेंडला बघू." वीकेंड दोन गेले. तिचं कापड परक्याच्या दुकानात पडलंय हे मला सहन होईना. दुपारी एकटाच गेलो.

हारुननं पावती बघितली, मग मला बघितलं. मशीन बंद केलं. "आप पावलू चाचा. आंटी कहाँ हैं?"

मी सांगितलं. तो स्टुलावर बसला आणि डोळ्यांवर हात ठेवला. मग कपाटातून ब्लाऊज काढला, प्लास्टिकच्या पिशवीत, मोतिया रंगाचा. पैसे आंटीनं आधीच दिलेत म्हणाला. चहा मागवला. मी चहा प्यायला, पिशवी घेतली, उठलो. दारापर्यंत आलो. तो नुसता बघत होता, जसा परीक्षेला बसलेल्या पोराकडे मास्तर बघतो.

दारात एसीचं पाणी टाळूवर पडलं. मी मागं वळलो आणि म्हटलं, "हारुन, तुम्हारे गाँव में नदी के किनारे एक काशेमभाई थे?"

"बैठिए चाचा," तो म्हणाला. "दो साल से रुका हूँ."

सिसिलनं त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं गावी फोन करून चौकशी केली होती, आणि करायची फारशी गरजही नव्हती, कारण त्याचं घर काशेमभाईच्या घरापासून तिसरं. तिनं त्याला बजावलं होतं, की माझा म्हातारा एक दिवस स्वतः येऊन विचारेल, तेव्हा काही न लपवता सांग. नाही विचारलं तर राहू दे. दुसऱ्यानं कानात ओतलेलं तो ऐकत नाही.

मी म्हटलं, "मेरा तार देखा उन लोगों ने. इसलिए जलाया. मालूम है मुझे."

हारुन म्हणाला, "नहीं चाचा. तार तो किसी ने देखा ही नहीं."

फौजेनं अख्खा काठ जाळला होता, दहा-बारा घरं, एकाही झाडाकडे वर न बघता. सुपारीच्या रांगेत काळी बारीक तार, कुणाला दिसणार? आणि आदल्या दिवशीच खबर आली होती की फौज काठानं येतेय. सगळी वस्ती होड्यांतून पलीकडच्या वाळूच्या बेटावर गेली. काशेमभाईनं स्वतः दोन खेपा मारल्या. बायकोला, बाळाला पोचवलं. आणि परत आला.

"क्यों?" मी विचारलं. पण मला कळलं होतं.

हारुन म्हणाला, बुबु हे मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची. काशेम म्हणाला होता, तारवाला भाई येणार आहे, बोलून गेलाय. एक दिवस उशीर झाला, पण येईल. तो आला आणि इथं कुणी नसलं तर मशीन कोण फिरवणार?

मी हातातली पिशवी मांडीवर ठेवली. अर्धं आयुष्य मी तारेला दोष देत आलो. तार उतरवली असती तर वाचला असता, असा हिशोब मांडून बसलो होतो. कारण तार नव्हतीच. मी बोललो होतो. ताप आलेल्या माणसानं झाडावर चढायचा आळस झाकायला दोन शब्द टाकले, आणि त्या माणसानं ते ठाण्याच्या हुकमासारखे घेतले.

बुबु परत आली, त्याच जागेवर घर बांधलं, मुलगा वाढवला. तार कुणाला काढू दिली नाही. हारुन लहान असताना ती बघत मोठा झाला. एका वादळात एक सुपारी पडली, तर तिनं मुलाकडून शेजारच्या झाडाला बांधून घेतली. मध्ये दोनदा तुटली, गाठ मारली. लोक हसायचे. ती म्हणायची, ज्याची आहे तो न्यायला येईल. बोलून गेलाय, काल आशबो.

"अभी है वो?" मी विचारलं.

"बुबु? तीन साल हो गए," हारुन म्हणाला. "तार है."

तीन वर्षांपूर्वी मी इथंच होतो. याच गल्लीत, दुकानाबाहेर उभा.

हारुननं मला न विचारता फोन लावला, चित्र दिसतं तो. तिकडं दिवस मावळायला आला होता. पडद्यावर एक माणूस आला, दाढी पिकलेली, पन्नाशी ओलांडलेला, आणि चेहरा काशेमभाईचा. रफिक. ज्याला मी बुबुच्या कडेवर बघितलं होतं. हारुन त्याच्याशी भराभर बंगालीत बोलला. रफिक माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं फोन उचलला आणि बाहेर नेला. केळी दिसली. सुपाऱ्या दिसल्या, त्यांची टोकं. तार काही मला दिसली नाही, माझे डोळे गेलेत आणि पडदा तळहाताएवढा. पण तो बोट करून दाखवत होता, इकडून, इथपर्यंत.

मग फोन परत त्याच्या चेहऱ्यावर आला. त्यानं विचारलं, "चाचा, तार नामाबो?"

एवढी बंगाली मला आजही कळते. तार उतरवू का?

हाच प्रश्न मला बांधावर विचारला होता, आणि मी खोटं बोललो होतो. आता हारुन माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत असावं की मी म्हणेन, थांब, मी येतो, मीच उतरवेन. मलाही तोंडापर्यंत ते आलं होतं. विमान चार-पाच तासांचं. पण माझं वय पंचाहत्तर, साखर आहे, गुडघे गेलेत, व्हिसा मुलाच्या हातात. पुन्हा एकदा तसं बोललो असतो, तर तो माणूस झाडाखाली वाट बघत बसला असता. त्या घरातली दुसरी पिढी.

मी म्हटलं, "नामाओ." आणि मग म्हटलं, "आमि आशबो ना." येणार नाही मी. माझी वाट बघू नका.

रफिक शिव्या देईल असं वाटलं. द्यायलाही हव्या होत्या. त्यानं हारुनला काहीतरी विचारलं.

"पूछ रहा है," हारुन म्हणाला, "चाचा ने खाना खाया?"

घरी आलो. सिसिल नवा ब्लाऊज कधी न धुता घालायची नाही, खळ अंगाला चावते म्हणायची. मी तो मोरीत साध्या पाण्यात खळबळला, पिळला आणि सकाळी बांधलेल्या रिकाम्या दोरीवर घातला. इथल्या उन्हात कपड्याला तास लागत नाही. बाल्कनीत कपडे दिसले तर बलदिया दंड करते, नगरपालिका इथली. केला असता तर भरला असता. अंधार पडायच्या आत ब्लाऊज आत घेतला, घडी घातली आणि प्रार्थनेच्या पुस्तकाखाली ठेवला.

विल्यम ऑफिसमधून आला. बूट काढता काढता त्यानं बाल्कनीकडे बघितलं.

"डॅडी, दोरी काढायची राहिली."

मी म्हटलं, "माहीत आहे."